स्टिकर नवा, कॅसेट तीच

गेल्या अंकात मी ओघात लिहून गेलो की न आवडलेल्या गेमची यादी करायला बसलो तर हे पान पुरणार नाही. त्यावर पत्रांचा ढीग आला. गंमत म्हणजे 'वाईट' गेमबद्दल फार थोड्यांनी विचारलं. बाकीच्यांचा राग एकाच गोष्टीवर होता: तोच गेम, नवं वेष्टन, पुन्हा पैसे. त्यातली सहा पत्रं इथे घेतो.

नव्या वाचकांसाठी सांगतो, मी डोंबिवलीत १९९३ पासून चौदा वर्षं गेमचं दुकान चालवलं. आधी टीव्ही गेम भाड्यानं द्यायचो, मग दोन मशीनचं पार्लर टाकलं, शेवटी सायबर कॅफे. त्यामुळे गल्ल्याच्या आतली बाजूही माहीत आहे. तिथली एक लाजही आहे, ती पुढे येईलच.

मुलगा नववीत आहे. गेल्या वर्षी वाढदिवसाला फुटबॉलचा गेम घेऊन दिला, चार हजारांच्या वर गेले. आता पुन्हा तोच हवा म्हणतो, फक्त पुढच्या आकड्याचा. दोन्ही डबे शेजारी ठेवून पाहिले, कव्हरवरचा खेळाडू सोडला तर मला काही फरक दिसेना. मी अडाणी की कंपनी लबाड? (एक आई, नाशिक)

ताई, अडाणी तुम्ही नक्की नाही. तुम्ही जे स्वयंपाकघरातल्या टेबलावर केलं ते एका मोठ्या संकेतस्थळानंही केलं होतं. निन्टेन्डो स्विच नावाच्या छोट्या कन्सोलसाठी, म्हणजे गेम खेळायच्या यंत्रासाठी, ईए कंपनीनं आपल्या 'फिफा' या फुटबॉल गेमची, फिफा २० पासून फिफा २३ पर्यंत ओळीनं चार वर्षं, 'लेगसी एडिशन' म्हणजे वारशानं आलेली आवृत्ती विकली. नवे शर्ट, नव्या संघयाद्या, आत खेळ मात्र फिफा १९ चाच. आयजीएन या संकेतस्थळानं २०२० साली फिफा २१ च्या या आवृत्तीचं परीक्षण करताना आदल्या वर्षीचंच परीक्षण जवळपास जसंच्या तसं पुन्हा छापलं. गुण दहापैकी दोन. गेम तोच, म्हणून मजकूरही तोच. मी ते वाचून एकटाच टाळ्या वाजवत होतो.

पण तुमच्या मुलाकडे मोठा कन्सोल असणार, आणि तिथे गोष्ट इतकी सरळ नाही. तिथे दरवर्षी थोडंफार काम होतं. फिफा २२ च्या वेळी बावीस खेळाडूंना सेन्सर लावलेले सूट घालून अख्खा सामना खेळवला आणि त्यांच्या हालचाली टिपल्या. २०२३ मध्ये फिफा या फुटबॉल संघटनेशी करार संपला म्हणून नाव बदलून ईए स्पोर्ट्स एफसी झालं, तेव्हाही मैदानावर आकाश कोसळलं नाही. वर्षाचा फरक म्हणाल तर भाजीत मीठ थोडं कमी-जास्त, एवढाच.

मग पोरगं हट्ट का करतं? त्याला एक प्रश्न विचारा: तू 'अल्टिमेट टीम' खेळतोस का? त्यात खेळाडूंची कार्डं असलेली पाकिटं उघडून आपला संघ जमवायचा असतो. पाकिटं खेळून मिळतात, नाहीतर पैसे देऊन. नवा गेम आला की नवा संघ शून्यापासून, जुनी कार्डं जुन्या गेममध्येच पडून राहतात. मित्र सगळे नव्या गेममध्ये निघून जातात आणि हा जुन्या वर्गात एकटाच बाक धरून बसतो. कंपनीचं दुभतं जनावर हेच आहे. मार्च २०२१ ला संपलेल्या आर्थिक वर्षात ईएला अल्टिमेट टीममधून, सगळे खेळ मिळून, १.६२ अब्ज डॉलर मिळाले. एकूण उत्पन्नाचे २९ टक्के! बेल्जियमनं २०१८ मध्ये अशी पैशांनी घ्यायची पाकिटं जुगारात मोडतात असं ठरवलं, आणि पुढच्या जानेवारीत तिथे ईएला ही पाकिटं घेण्यासाठीचे फिफाचे पॉइंट विकणं बंद करावं लागलं.

तेव्हा तो धाकट्या भावाबरोबर सोफ्यावर बसून खेळत असेल, तर गेल्या वर्षीचा डबा अजून तीन वर्षं चालेल. मित्रांबरोबर ऑनलाइन खेळत असेल, तर तुमच्याकडे मागितली जातेय ती वार्षिक वर्गणी. द्यायची ठरवलीत तर नाताळपर्यंत थांबा, किंमत भराभर उतरते. आणि कन्सोलवर तुमचं कार्ड जोडलेलं असेल तर आज रात्रीच पासवर्ड बदला. त्याला सांगू नका की मी सांगितलं.

काका, आमच्या लहानपणी '९९९९९९९ इन १' अशी कॅसेट असायची. मी एकदा सुट्टीत मोजायला बसलो होतो, दोनशेच्या पुढे आई ओरडली म्हणून सोडलं. आत खरे किती गेम असायचे? (एक वाचक, सांगली)

सात.

म्हणजे माझ्या दुकानातल्या एका कॅसेटमध्ये सात. कशात पाच, कशात नऊ. मारिओ, डक हंट, गॅलॅक्सियन अशी नेहमीची मंडळी. करामत सगळी मेनूत. गेम सुरू होताना यंत्राच्या स्मृतीत काही आकडे ठेवले जातात: किती जीव, कुठली लेव्हल, वेग किती. मेनूची एक ओळ मारिओ सुरू करताना पहिली लेव्हल ठेवायची, दुसरी ओळ चौथी, तिसरी ओळ थेट पाण्यातली. प्रत्येकीला वेगळं नाव. डक हंटमध्ये बदकं जरा जोरात उडाली की झाला नवा गेम. आणि यादी पुढे सरकत गेली की मागचंच पुन्हा. एक कोटीला एक कमी एवढे गेम मोजायला कोण बसणार, या भरवशावर तो धंदा उभा होता. तुम्ही दोनशेपर्यंत पोहोचलात, तुमचं कौतुकच आहे.

आता ती लाज. मी माल आणायला लॅमिंग्टन रोडला जायचो. तिथे एक व्यापारी कॅसेटबरोबर स्टिकरची पानंही विकायचा. १९९५ च्या मे महिन्यात मंदी होती. पोरांनी दुकानातल्या सगळ्या कॅसेट खेळून संपवल्या होत्या. मी स्टिकरचं एक पान आणलं, रात्री शटर ओढून दहा-बारा जुन्या कॅसेटची तोंडं रॉकेलनं पुसली आणि त्यांवर नवी चित्रं चिकटवली. भाडं दिवसाला दहाचं पंधरा केलं. तीन दिवस धंदा झकास.

चौथ्या दिवशी गोग्रासवाडीतला एक सातवीतला मुलगा कॅसेट घेऊन गेला आणि अर्ध्या तासात परत आला. काही बोलला नाही. काउंटरवर कॅसेट पालथी ठेवली आणि कोपऱ्यावर बोट टेकवलं. गेल्या दिवाळीत त्यानंच कर्कटकानं तिथे आपलं आद्याक्षर कोरलं होतं. मी समोरून स्टिकर लावला, मागची बाजू बघितलीच नाही.

त्याचे पंधरा रुपये परत दिले, वर एक पेप्सीकोला. तो त्यानं तिथेच उभ्या उभ्या चोखत संपवला, माझ्याकडे बघत. बाकीच्या कॅसेटचे स्टिकर मी त्या रात्री काढले. निघता निघेनात.

म्हणून 'लेगसी एडिशन'ला शिव्या देताना माझी जीभ जरा अडखळते. त्यांनी निदान डब्यावर 'लेगसी' असं छापलं तरी होतं. मी 'न्यू' छापलेलं चिकटवलं होतं.

माझा मामा म्हणतो, कॅपकॉमनं स्ट्रीट फायटर टू पाच वेळा विकला आणि आजच्या लुटीची सुरुवात तिथूनच झाली. हे खरं आहे का? (इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, पुणे)

स्ट्रीट फायटर टू म्हणजे कॅपकॉम या जपानी कंपनीचा पार्लरमधला मारामारीचा गेम. मामांना माझा नमस्कार सांग आणि विचार, ते केन घ्यायचे की र्‍यू? कारण त्यांनी मूळ १९९१ चा गेम पार्लरमध्ये खेळला असेल तर त्यांना आठवेल की दोघांना एकच फायटर घेता येत नसे. आठ जणांतून निवडायचं. पहिल्यानं केन घेतला की दुसऱ्याचं तोंड उतरायचं. शेवटचे चार गुंड तर फक्त मार द्यायला, हाती यायचे नाहीत. १९९२ च्या चॅम्पियन एडिशननं दोन्ही कुलपं उघडली: केन विरुद्ध केन, आणि त्या गुंडांतला सगॅट तुमच्या हातात. वरवर किरकोळ बदल वाटतो. पण माझ्या पार्लरमधली निम्मी भांडणं त्यानं मिटवली, उरलेली सुट्ट्या पैशांवरून होती.

त्याच वर्षाअखेरीस आलेल्या हायपर फायटिंगची कथा तर उलटीच. त्या काळात गेमच्या बोर्डाच्या, म्हणजे पार्लरच्या मशीनमध्ये बसणाऱ्या गेमच्या पाटीच्या, चोरून फेरफार केलेल्या नकला बाजारात सुटल्या होत्या, 'रेनबो' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या. त्यात फायटर हवेत असताना आडुकेन, म्हणजे हातातून सुटणारा गोळा, मारायचा, गोळे वाकडेतिकडे जायचे, लढत मध्येच थांबवून माणूस बदलता यायचा. पोरं त्यावर वेडी झाली. तेव्हा मूळ कंपनीनं वेग वाढवून स्वतःची आवृत्ती काढली. चोरानं मालकाला शिकवलं म्हण! (आपल्याकडच्या पार्लरमध्ये ज्यांनी हवेतला आडुकेन पाहिलाय, त्यांनी बहुधा ती नक्कलच खेळलेली आहे. माझ्याकडेही तीच होती. अस्सल बोर्डाची किंमत ऐकून मी घरी आलो होतो.)

१९९३ च्या सुपरमध्ये चार नवे फायटर, १९९४ च्या सुपर टर्बोमध्ये अकुमा नावाचा आणखी एक. ती शेवटची आवृत्ती आजही स्पर्धांमध्ये खेळली जाते, तीस वर्षं झाली. दर वेळी बोटांना काहीतरी नवं शिकावं लागत होतं. म्हणून माझ्या मते मामा इथे चुकतात. लुटले गेलो असू तर आम्ही पार्लरवाले, कारण नवा बोर्ड आम्हाला घ्यायला लागायचा. पोराचा खर्च तोच, रुपयाचं एक नाणं.

२०१७ मध्ये स्विचसाठी काढलेला 'अल्ट्रा' मात्र मामांच्या खात्यात जमा. तो कशासाठी होता ते मला अजून समजलेलं नाही.

जाता जाता, मामांना 'मुस्तफा' आठवतो का तेही विचार. त्या गेमचं खरं नाव कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स आहे हे मला स्वतःला २००४ मध्ये कळलं.

व्हाइस सिटी आणि सॅन अँड्रियास पुन्हा खेळायचे आहेत. नवी 'डेफिनिटिव्ह एडिशन' घेऊ की जुनी सीडी शोधू? (मडगाव)

माळ्यावर सीडी असेल तर आधी ती उतरवा.

११ नोव्हेंबर २०२१ ला 'ग्रँड थेफ्ट ऑटो' म्हणजे जीटीए या मालिकेतले तीन जुने गेम एकत्र करून ही आवृत्ती आली: तिसरा भाग २००१ चा, व्हाइस सिटी २००२ चा, सॅन अँड्रियास २००४ चा. पाऊस पडला की पडद्यावर पांढऱ्या रेघांचा पडदा, समोरचं दिसेना. सॅन अँड्रियासमध्ये पूर्वी दूरवर धुकं असायचं. ते काढून टाकल्यावर विमानातून अख्खं राज्य दिसू लागलं आणि लक्षात आलं की ते केवढंसं आहे. आमच्या कॅफेतली पोरं ज्या वाळवंटात तासन् तास हरवायची ते गल्लीएवढं निघालं. माझी आवडती चूक वेगळीच. एका डोनटच्या दुकानावर लोखंडी नटाचं मोठं शिल्प होतं. 'डोनट'मधल्या 'नट' या शब्दावरचा विनोद होता तो, नट म्हणून षट्कोनी. चित्रं गुळगुळीत करण्याच्या नादात त्याचे कोपरेच घासले गेले आणि नटाचं गोल चाक झालं. विनोद मेला, आणि काम करणाऱ्या कुणाला पत्ता नाही.

हे सगळं एकवेळ सोसलं असतं. राग आला तो दुसऱ्या गोष्टीचा. नवी आवृत्ती येण्याआधी महिनाभर जुने तिन्ही गेम ऑनलाइन दुकानांतून काढून टाकले होते. वडापाववाल्यानं नवी चटणी आणली म्हणून जुनी गटारात ओतली, तसं. ओरड झाल्यावर आठवड्याभरात रॉकस्टारनं, म्हणजे जीटीएच्या कंपनीनं, माफी मागितली आणि पीसीवरचे जुने गेम आपल्या दुकानात परत ठेवू असं सांगितलं. पुढे डागडुजी होत राहिली, २०२४ च्या नोव्हेंबरात जुन्यासारखा उजेडही परत आला. आज ती आवृत्ती पूर्वीइतकी वाईट नाही. स्वस्तात मिळाली आणि फोनवर किंवा नव्या कन्सोलवर खेळायचं असेल तर घ्या. व्हाइस सिटीत 'पँझर' हा गुप्त शब्द टाइप करून रणगाडा उतरवायचा असेल तर कीबोर्डच हवा.

योगायोग बघा, त्याच दिवशी, ११ नोव्हेंबर २०२१ लाच, स्कायरिम या गेमची दहाव्या वाढदिवसाची आवृत्ती आली. स्कायरिमइतकं कपडे बदलून कुणी आलं नसेल: २०११, २०१३, २०१६, २०१७, आणि २०१८ मध्ये तर अलेक्साशी बोलून खेळायची आवृत्ती, जी थट्टा म्हणून जाहीर झाली पण खरोखर चालायची. टॉड हॉवर्ड, म्हणजे त्याचे कर्ते, यांनी एकदा सरळ सांगून टाकलं की आम्ही थांबावं असं वाटत असेल तर घेणं थांबवा. उद्धट वाटेल, पण हिशेब चोख होता. २०१६ ची सुधारित आवृत्ती ज्यांच्याकडे पीसीवर जुना गेम नंतर निघालेल्या सगळ्या जादा भागांसह होता त्यांना फुकट दिली होती. जुना हिसकावला नाही आणि वर नवा दिला. म्हणून लोक त्याच्यावर हसतात, चिडत नाहीत.

जगातला सगळ्यात वाईट गेम ई.टी. हाच ना? (दहावीतला वाचक, अकोला)

असं सगळे म्हणतात, आणि त्यातले बहुतेक तो खेळलेले नाहीत. १९८२ मध्ये हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ या एकट्या माणसाला अटारी या गेम कंपनीनं ई.टी. बनवायला जेमतेम पाच आठवडे दिले, कारण नाताळ गाठायचा होता. गेम सतत खड्ड्यात पडण्याचा आहे, कंटाळवाणा आहे, कबूल. पण त्यात एका माणसाची धडपड दिसते. पुढे अटारीनं न विकलेला माल न्यू मेक्सिकोतल्या आलामोगोर्डोच्या कचरा डेपोत पुरला. २०१४ मध्ये खणलं तर ई.टी.बरोबर अटारीचे चांगले गाजलेले गेमही निघाले. म्हणजे वाईट म्हणून नव्हे, माल पडून राहिला म्हणून पुरलं. ई.टी.ची त्यातली एक कॅसेट आता अमेरिकेच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. माझ्या लेखी, घाईत केलेला वाईट गेम हा निवांत बसून केलेल्या त्याच त्या गेमपेक्षा बरा.

मी अजून ईए क्रिकेट ०७ खेळतो. दरवर्षी नवा आयपीएल पॅच टाकतो. भाऊ हसतो, म्हणतो नवा गेम घे. पॅच टाकणं चोरी आहे का? (लातूर)

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, पॅच म्हणजे जुन्या गेमवर चढवून त्यातले संघ, शर्ट, खेळाडू बदलणाऱ्या फाइली. आधी भावाचं बघू. तू जो गेम खेळतोस तो नोव्हेंबर २००६ चा. आयपीएल सुरू झाली २००८ ला. म्हणजे जी स्पर्धा तेव्हा जन्मलीच नव्हती ती तू त्यात खेळतोस. ही किमया कंपनीची नाही, तिनं त्यानंतर तसा क्रिकेटचा गेम आणलाच नाही. ही कामगिरी भारत-पाकिस्तानातल्या पोरांची, रात्री जागून केलेली. शर्ट, हेल्मेट, स्टेडियम, बॅटवरचं एमआरएफचं स्टिकरसुद्धा. कुठला बोलर किती वेगानं टाकतो याचे आकडे हातानं भरलेले. फुटबॉलवाले ज्या कामाचे दरवर्षी चार हजार मोजतात, नवे शर्ट आणि नव्या याद्या, तेच हे लोक फुकट करत आलेत.

चोरीचं विचारशील तर काटेकोर कायद्यानं त्या संघांची बोधचिन्हं विनापरवाना वापरलेली आहेत, ते नाकारत नाही. पण ज्याची सीडी अस्सल आहे आणि जो पॅच विकत नाही, त्याला मी चोर म्हणणार नाही. रॉकेलनं स्टिकर पुसून पंधरा रुपये घेणाऱ्यानं तर मुळीच म्हणू नये.

नवा गेम घ्यायचा असेल तर तुझ्या हौसेसाठी घे. पण एक गोष्ट नव्यात मिळणार नाही. तुझ्या पॅचमध्ये शुभमन गिल कव्हर ड्राइव्ह मारतो आणि समालोचन करतात रिची बेनॉ. गिल तेव्हा सात वर्षांचा होता आणि बेनॉ २०१५ मध्ये गेले.

माझ्याही जुन्या संगणकावर क्रिकेट ०७ आहे, कॅफे बंद करताना एक यंत्र ठेवून घेतलं होतं. त्यात २००९ चा पॅच आहे. परवा भाच्यानं नवा टाकून देतो म्हणून पेन ड्राइव्ह आणला. मी त्याला चहा पाजून परत पाठवला. माझ्याकडे मुंबईचा कप्तान अजून सचिन आहे.